साठा-मोजणी

शुक्रवारी दुपारी गोदामाची किल्ली माझ्याकडे असते.
शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा,
जुन्या टायरवाल्याच्या मागे,
मोरबीहून आलेल्या टाइल्स छतापर्यंत.

"रजिस्टरात काय लिहू?" मी विचारलं.
"नाच लिहू नका," ती म्हणाली,
"नाच म्हटलं की परवाना,
परवाना म्हटलं की किती मिनिटं, गाणं कोणतं, कपडे कसले,
आणि यातलं मला अजून काहीच माहीत नाही."
मी लिहिलं : साठा-मोजणी. माणसं अकरा.

नाव उत्तरा. उत्तरा ताटके.
बृहन्नडेला केव्हाच सोडून आलेली.
आठवडाभर अल नाहदाच्या एका फ्लॅटमध्ये
सोफा भिंतीला लावून पोरांना गणेशवंदना शिकवते,
त्या पैशांतून माझ्या मालकाला दोन तासांचं भाडं.

घुंगरू नाहीत.
पायात मोजे, डाव्या टाचेला भोक.
अकरा जण रंगाच्या उपड्या बादल्यांवर :
एक इजिप्शियन नर्स, तिचा कंटाळलेला भाऊ,
फोटो न काढण्याच्या अटीवर आलेला फोटोग्राफर,
दाराशी आमचा कुंजुमोन, चहाचा थर्मास मांडीत धरून.

पहिली वीस मिनिटं ती नुसती उभी,
एका पॅलेटच्या प्लास्टिकवर तळहात ठेवून.
आधी वाटलं, विसरली.
मग वाटलं, ऐकते आहे.
कॉम्प्रेसर घरघरला तसा तिचा खांदा हलला,
फक्त खांदा,
जसं झोपेत कुणी नाव घ्यावं.
तो बंद पडला. ती पडली नाही.
त्याचं राहिलेलं ती पुरं करत होती
गुडघ्यात, कोपरात, मानेच्या मागे कुठेतरी,
आणि समेवर येईल असं वाटे तिथे
सम सोडून चक्क दुसरीकडे बघायची.

माझ्या अंगाला एकोणीस वर्षांत दोनच हालचाली येतात :
वाकणं, आणि बोट फिरवत मोजणं.
त्यातली एक तिनं केली.
मी पेन खिशात घातलं.

मग अजान झाली.
ती शटरखालून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात आडवी झाली.
अजान संपली. उठली नाही.
पट्टा सरकेल तितकीच सरकायची,
अर्धी वीत, बोटभर,
काँक्रीटवर घामाची एक आकृती उमटायची
आणि ती पुढे जाईतो वाळायची.
नर्सचा भाऊ फोन काढून परत ठेवत होता.
कुंजुमोनने झाकण उघडलं, चहा ओतला नाही.
असा पाऊण तास.
ऊन पॅलेटवर चढलं, तिला चढता येईना,
तिथे ते संपलं. म्हणजे ती बसली,
आणि केस बांधायला लागली,
आम्हाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळलं नाही.

सगळे गेल्यावर पाणी पीत म्हणाली, "दोनदा चुकलं."
ठरलेलंच नाही त्यात चुकतं कसं?
"दोनदा मला पुढचं आधीच माहीत होतं."

मी हसलो. मग नाही हसलो.
व्हिसा, हप्ता, वर्षाला एकवीस दिवस रजा,
बायको फोनवर पहिलं वाक्य काय बोलेल,
सगळं मला आधीच माहीत असतं,
याला चूक म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी मालकाने रजिस्टर उलटलं.
"मोजणी झाली ना? मग आकडे कुठायत?"
म्हणून मी खरोखरची मोजणी काढली,
ओळ क, ओळ ख, ओळ ग.
गच्या तिसऱ्या पॅलेटवर हात टेकला.
प्लास्टिक कोमट होतं.
पलीकडे गुलझमान फोर्कलिफ्ट मागे घेत होता,
टीं, टीं, टीं,
आणि माझा आकडा सुटला.

पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं.
मी हात काढला नाही.
किती वेळ, ते लिहिलेलं नाही.